मंगळवेढ्याला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोळ मंगळवेढा तालुक्यात आणि बिऱ्हाड सोलापुरात असल्यामुळे थंडी पडू लागली की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपासून आमच्या पेठेतल्या शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचे तेच ते प्रश्न माझ्याकडे येतात. वर्षानुवर्षे फोनवर दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एकाच विषयाला दोन प्रश्न स्पर्श करत असतील तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मंगळवेढा नेमके कुठे आहे आणि सोलापूरहून तेथे कसे जावे?

मंगळवेढा हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून ते सोलापूरच्या नैर्ऋत्येस, सांगलीकडे जाणाऱ्या महामार्गावर, साधारण ५५ किलोमीटरवर आहे. पंढरपूर तेथून पंचवीसएक किलोमीटर आहे. स्वतःचे वाहन असल्यास सोलापूरहून तास-सव्वा तास पुरतो. एस.टी.ने जायचे असल्यास सोलापूर स्थानकावरून थेट मंगळवेढ्याच्या गाड्या मिळतात, शिवाय सांगली-मिरजेकडे जाणाऱ्या अनेक गाड्या याच रस्त्याने जातात. एस.टी.मध्ये महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे. ज्येष्ठांनी मात्र वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे, कारण पांढऱ्या केसांवर समाधान मानणारे वाहक आता राहिलेले नाहीत. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे मंगळवेढ्यात उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्यावे.

२. रेल्वेने थेट येता येते का?

नाही, मंगळवेढ्याला रेल्वे स्थानक नाही. पुणे-मुंबईहून येणाऱ्यांनी सोलापूरला उतरावे. मिरजेकडून येणाऱ्यांना कुर्डुवाडी-मिरज मार्गावरील पंढरपूर जवळ पडते. दोन्हीकडून पुढचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो.

३. मंगळवेढा पठारावर आहे म्हणतात, मग तेथे थंड हवा असते का? स्वेटर घ्यावा का?

पठार हा शब्द ऐकून पाचगणीची आशा धरून आलेल्या पाहुण्यांची निराशा मी पाहिली आहे. दख्खनचे पठार हे खरे, परंतु येथील उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर आहे आणि तेवढ्या उंचीने उष्ण कटिबंधातील ऊन शमत नाही. त्यातच पश्चिमेकडून येणारे ढग आपले पाणी सह्याद्रीवर रिकामे करून पुढे सरकतात, त्यामुळे हा सारा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. सोलापूर जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तोही पाऊस लहरीने पडतो. मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पठाराचा गुण दिसतो तो हिवाळ्यात : डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगावर शर्टही नकोसा वाटतो आणि त्याच रानात पहाटे दात वाजतात. म्हणून स्वेटर जरूर घ्यावा आणि टोपीही घ्यावी. एकाच दिवशी दोन्ही लागतात.

४. कोणत्या महिन्यात यावे?

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. याचे कारण हवा हे आहेच, पण त्याहून मोठे कारण ज्वारी आहे. मंगळवेढ्याचे रान या दिवसांत डोक्याइतक्या उंच शाळूने भरलेले असते, हुरड्याचा हंगाम असतो आणि शेतकऱ्यालाही बोलायला सवड असते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर काढणी सुरू होते. तेव्हा माणसे कामात असतात आणि पाहुण्याने मध्ये लुडबुड करणे बरे दिसत नाही. एप्रिल-मे टाळावेत. पावसाळ्यात येणार असल्यास प्रश्न १६ आधी वाचावा.

५. गावात पाहण्यासारखे काय आहे? एका दिवसात होते का?

होते. अर्ध्या दिवसातही होते, आणि नेमकी हीच अडचण आहे. मंगळवेढा हे यादी हातात धरून पाहण्याचे गाव नाही. संत दामाजीपंतांचे मंदिर आणि जुना भुईकोट ही दोन ठिकाणे दाखवून मी पाहुण्यांना गल्ल्यांतून हिंडवतो आणि दुपारनंतर रानात नेतो. किल्ल्याबाबत आधीच सांगून ठेवतो, की राजगड-प्रतापगडाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून येऊ नये. हा सपाटीवरचा किल्ला आहे आणि त्याची मोठी पडझड झाली आहे.

मात्र इतिहास थोडा माहीत असल्यास हीच पडझड बोलू लागते. बाराव्या शतकात कलचुरी घराण्याची सत्ता येथून चालत होती. त्यांतील बिज्जल पुढे चालुक्यांचे कल्याण बळकावून बसला. महात्मा बसवेश्वर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, जाण्यापूर्वी याच मंगळवेढ्यात बिज्जलाच्या पदरी होते. म्हणून लिंगायत समाजाला हे गाव वारकऱ्यांइतकेच जवळचे वाटते. नंतर बहामनी आले, आदिलशाही आली. पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंगाबरोबर विजापूरच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांच्या फौजेने डिसेंबर १६६५ मध्ये मंगळवेढा घेतला. एवढ्या सत्ता या गावावर का घिरट्या घालत राहिल्या, याचे माझे उत्तर साधे आहे : येथे धान्य होते. त्याविषयी प्रश्न ८ मध्ये सविस्तर लिहिले आहे.

६. दामाजीपंतांची कथा खरी आहे का?

कथा सर्वांना ठाऊक असते, तरी थोडक्यात सांगतो. दामाजीपंत बीदरच्या बहामनी सुलतानाचे मंगळवेढ्यातील अधिकारी होते. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी धान्याचे कोठार लोकांसाठी मोकळे केले. सुलतानाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला आणि ते वाटेत असतानाच विठू महाराचे रूप घेतलेल्या विठ्ठलाने बीदरच्या दरबारात जाऊन धान्याची सारी रक्कम भरली व पावती घेतली.

आता खरे-खोटे. परंपरेने हा दुष्काळ दुर्गादेवीचा मानला जातो आणि दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळ सामान्यतः १३९६ ते १४०७ असा सांगतात. तसे धरले तर एक पेच पडतो, कारण त्या वर्षांत बहामनींची राजधानी गुलबर्गा होती. ती बीदरला गेली १४२५ ते १४३० च्या सुमारास. दुसरीकडे १४६० च्या दुष्काळालाच दामाजीपंतांचा दुष्काळ म्हणण्याची रीतही जुन्या नोंदींत आढळते आणि तो काळ बीदरशी बरोबर जुळतो. माझे मत या दुसऱ्या बाजूने आहे. विठ्ठलाने पावती घेतली की नाही हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावे. परंतु या मुलखात कोठार उघडणे म्हणजे काय, हे एखादा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १९७२ सालचा दुष्काळ आठवणारे आजोबा-आजी अजून घरोघरी आहेत. त्यांच्यासमोर ही कथा शंकेच्या सुरात काढू नये, एवढीच विनंती.

७. चोखोबांची समाधी पंढरपुरात आहे ना? मग त्यांचे नाव मंगळवेढ्याशी का जोडतात? आणि कान्होपात्रा?

समाधी पंढरपुरातच, महाद्वारासमोर आहे. मृत्यू मंगळवेढ्यात झाला. गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असताना कूस कोसळले आणि अनेक मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. हे वर्ष शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८, असे मानतात. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या असे ओळखून नामदेवांनी त्या पंढरपूरला नेल्या, ही पुढची कथा प्रसिद्धच आहे. मला मात्र नेहमी आठवण होते ती त्यांच्यासोबत गेलेल्या आणि नावेही न उरलेल्या मजुरांची.

कान्होपात्रा मंगळवेढ्याचीच. ती शामा नावाच्या गणिकेची मुलगी होती. बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला, असे परंपरा सांगते. तिचे म्हणून दाखवले जाणारे झाडही पंढरपूरच्या मंदिरातच आहे. थोडक्यात, हे दोन्ही संत मंगळवेढ्यात राहिले आणि विसाव्याला पंढरपूरला गेले. म्हणून दोन्ही गावे एकाच फेरीत केलेली बरी. फक्त केव्हा, यासाठी प्रश्न १३ पाहावा.

८. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे एवढे कौतुक कशासाठी? आणि अस्सल ज्वारी ओळखावी कशी?

कौतुकाचे कारण माती आहे. मंगळवेढ्याच्या शिवारात खोल, भारी, काळी जमीन आहे. पावसाळ्यात ही जमीन पाणी पिऊन ठेवते आणि पाऊस संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पेरलेली रब्बी ज्वारी त्या साठवलेल्या ओलीवरच वाढते. चांगल्या वर्षी पेरणीनंतर एकही पाऊस झाला नाही तरी पीक हाती येते. रात्रीचे दव आणि थंडी दाणा भरायला साथ देतात. येथे मुख्यतः मालदांडी हा वाण घेतात. त्यातूनच १९३० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यातील मोहोळ येथे ‘एम ३५-१’ ही निवड झाली आणि ती पुढे दख्खनभर पसरली. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले.

दाणा टपोरा, गोलसर, मोत्यासारखा पांढरा आणि तुकतुकीत असतो. पण निव्वळ रंगावर जाऊ नये. पावसात सापडलेली अस्सल ज्वारीसुद्धा काळवंडते. मी दोन दाणे दाताखाली धरतो : कटकन फुटले आणि पिठूळ गोडसर चव आली तर ज्वारी नवी व वाळलेली आहे. खरी परीक्षा मात्र परातीत होते. पीठ गरम पाण्याने मळल्यावर भाकरी कडांना न चिरता हाताने थापली गेली पाहिजे आणि सकाळची भाकरी संध्याकाळी वातड लागता कामा नये.

विकत घ्यायची असल्यास काढणी-मळणीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी आणि पीठ न घेता धान्यच घ्यावे. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवल्यास कडवट होते आणि मग भाकरी तुटते. आठवड्यापुरतेच दळून आणावे. पाहुणे हुरड्याला जानेवारीत येतात आणि त्याच फेरीत ‘नवी ज्वारी’ मागतात. त्या वेळी ती अजून रानात ताटावर, म्हणजे धांड्यावर, उभी असते. जानेवारीत नवी म्हणून जे पोते समोर येईल ते गेल्या वर्षीचे आहे, असे समजावे.

९. हुरडा खायला कोणाच्याही शेतात जाता येते का? पैसे द्यावे लागतात का?

ओळख असेल तर आमंत्रणाने जावे. ओळख नसेल तर हुरड्याची व्यवस्था करणाऱ्या शेतांवर आधी सांगून जावे. तेथे माणशी दर ठरलेला असतो. त्यात जेवण धरले आहे की नुसता हुरडा, हे फोनवरच स्पष्ट करून घ्यावे. ओळखीच्या घरी पैसे पुढे करू नयेत, ते अपमानास्पद वाटते. मुलांसाठी खाऊ, घरच्या बाईंसाठी सोलापूरची चादर किंवा असेच काही न्यावे.

ज्यांनी कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी : जमिनीत छोटा खड्डा करून त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात, तीच आगटी. निखारे झाले की कोवळी, दुधाळ दाण्यांची कणसे त्यात खुपसतात. आमच्या मामींचा हात अशा वेळी पाहण्यासारखा असतो. कणीस निखाऱ्यातून काढले की त्या ते एका हाताच्या तळव्यावर घेऊन दुसऱ्याने चोळतात, चटका लागतो म्हणून क्षणभर वर उडवतात, पुन्हा चोळतात, फुंकर घालून कोंडा उडवतात आणि हिरवेगार, वाफाळते दाणे समोरच्या कागदावर टाकतात. हे सारे बोलता बोलता, कणसाकडे न बघता. आपण करायला गेलो की निम्मे दाणे मातीत जातात. सोबत शेंगादाण्याची चटणी, गूळ, दही, बोरे असतात. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये असे घरोघरी सांगतात; ताक प्यावे.

एक बारीक गोष्ट : भौगोलिक मानांकन आहे ते धान्याच्या ज्वारीला. हुरड्यासाठी गूळभेंडीसारखे वेगळे, अधिक गोड आणि सहज सुटणारे वाण मुद्दाम चार ओळी पेरून ठेवतात. तेव्हा ‘मानांकनाचा हुरडा’ म्हणून कोणी जादा दर सांगत असेल तर हसून पुढे जावे.

१०. आम्ही गेल्या वेळी जानेवारीतच आलो होतो, पण हुरडा मिळाला नाही. असे का?

प्रश्न ४ मधील उत्तर सरासरी वर्षाचे आहे. हुरड्याची तारीख दिनदर्शिकेवरून ठरत नाही, ती पेरणीवरून ठरते. परतीचा पाऊस लांबला आणि जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उशिरा आला तर पेरणी ऑक्टोबरअखेरीस जाते व हुरडाही फेब्रुवारीकडे सरकतो. उलट पाऊस पडलाच नाही तर काही शिवारे पेरलीच जात नाहीत. शिवाय कणीस हुरड्याच्या अवस्थेत फार दिवस थांबत नाही. आठ-दहा दिवसांत दाणा घट्ट होतो आणि मग भाजला तरी दातांना व्यायामच होतो. म्हणून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास एक फोन करून ‘पेरणी कधी झाली’ एवढे विचारावे आणि तेथून साधारण तीन महिने मोजावेत. जेथे पाणी पोहोचले आहे तेथे ऊस आणि डाळिंब वाढले आहे, हेही खरे. रस्त्यावरून ऊसच ऊस दिसला तर मंगळवेढ्याची ज्वारी संपली असे समजू नये, थोडे आत जावे.

११. जेवणाचे काय? तिखट झेपेल का?

ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, शेंगाचटणी, हुलग्याचे शेंगोळे आणि वर दही. तिखट सोलापूरच्या मापाचे असते. न झेपणाऱ्यांनी आधी सांगावे आणि तरीही दही हाताशी ठेवावे.

१२. मुक्काम कुठे करावा?

गावात साधे लॉज आहेत. कुटुंबासह येणाऱ्यांना मी पंढरपूर किंवा सोलापुरात मुक्काम करायला सुचवतो. दोन्हीकडे पर्याय जास्त आहेत. अपवाद आषाढी-कार्तिकीचा, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

१३. आषाढी किंवा कार्तिकी एकादशीला जोडून मंगळवेढा करावा का?

वारकरी म्हणून येत असाल तर प्रश्नच नाही. नुसते पाहायला येणार असाल तर करू नये. त्या दिवसांत पंढरपूरच्या चारी बाजूंचे रस्ते दिंड्यांनी भरलेले असतात, वाहतूक वळवलेली असते आणि पंचवीस किलोमीटरला किती तास लागतील याचा भरवसा नसतो. मंगळवेढ्यातील खोल्याही तेव्हा पंढरपुरात जागा न मिळालेल्यांनी भरून जातात. हीच दोन्ही गावे एखाद्या साध्या बुधवारी दिवसभरात निवांत होतात.

१४. माचणूर वाटेतच लागते का?

होय, सोलापूरहून येताना बेगमपूरजवळ भीमा ओलांडली की थोडे आत माचणूर आहे. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे मंदिर आणि घाट आहे, शेजारी औरंगजेबाच्या काळातील किल्ल्याचे अवशेष आहेत. जवळच्या ब्रह्मपुरीला त्याने इस्लामपुरी असे नाव दिले आणि १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे मोगल साम्राज्याचा कारभार या नदीकाठच्या छावणीतून चालवला. दिल्लीचा बादशहा चार वर्षे आपल्या तालुक्यात मुक्कामाला होता, हे सोलापुरात जन्म गेलेल्यांनाही सांगितले की खरे वाटत नाही. सकाळी लवकर जावे; तासभर पुरे. नदीत पाणी असेल तर मुलांना घाटावर एकटे सोडू नये.

१५. हुलजंतीची यात्रा पाहायची आहे. केव्हा यावे? तेथे मराठी चालते का?

हुलजंती मंगळवेढा तालुक्यात, कर्नाटक सीमेलगत आहे. महालिंगरायाची यात्रा दिवाळीच्या अमावस्येला भरते. अमावस्येच्या रात्री मंदिराच्या शिखराला मुंडास बांधले जाते आणि ते स्वतः शिव-पार्वती बांधतात अशी श्रद्धा आहे. त्यानंतर पालख्यांची भेट होते. ढोलांचा गजर आणि भंडाऱ्याची उधळण इतकी असते की पांढरे कपडे घालून गेलेला माणूस पिवळा होऊन परततो. ऐन लक्ष्मीपूजनाच्या वेळी घर सोडावे लागते, ही अडचण आधी घरी मिटवावी. मराठी सर्वत्र चालते. दक्षिणेकडील गावांत घरात कानडी बोलणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्या मराठीला कानडी हेल असतो. ‘ऊटा आयता?’ असे कोणी विचारले तर जेवण झाले का असा अर्थ घ्यावा, आणि खोटे सांगू नये, कारण नाही म्हटले की ताट येते.

१६. पावसाळ्यात किंवा परतीच्या पावसात आलो तर काय काळजी घ्यावी?

डांबरी रस्ता सोडू नये. काळी माती भिजली की चिखल होतो तो साधा नसतो. तो चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये थरावर थर बसून चाकच धरून ठेवतो. एका ऑक्टोबरात स्वातीची एक जोरदार सर येऊन गेली होती आणि मी ‘दोनशे पावलांचाच तर रस्ता आहे’ म्हणून गाडी पाणंदीत घातली. वीस पावलांत ती बसली. उतरलो तर एक चप्पल चिखलातच राहिली. अडीच तासांनी ट्रॅक्टर आला, त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत, फक्त ‘सोलापूरला डांबर हाय नव्हं?’ एवढे विचारून ते निघून गेले. तेव्हापासून मी गाडी रस्त्यावर ठेवून, पँट दुमडून, अनवाणी जातो. उन्हाळ्यात हीच माती उलटा खेळ करते : तिला पाऊल अडकेल अशा खोल भेगा पडतात, तेव्हा संध्याकाळी अंधारात बांध सोडून चालू नये.

१७. शेतात फिरताना आणि छायाचित्रे काढताना काय पाळावे?

बांधावरून चालावे. ऑक्टोबरात मोकळे, काळेभोर दिसणारे रान बहुधा पेरलेले असते. त्यावरून चालणे म्हणजे उगवत्या पिकावरून चालणे. उभ्या ज्वारीतून वाट काढू नये, ताट मोडले की कणीसही गेले आणि कडबाही गेला. जनावरांच्या घरी कडब्याची किंमत धान्याहून कमी नसते. खळ्यावर चपला काढाव्यात. माणसांचे, विशेषतः कामावरच्या बायकांचे छायाचित्र विचारूनच घ्यावे.

१८. आमचे पूर्वज मंगळवेढ्याचे. जुने कागद शोधायला सोलापूरला आलो, तर काही सापडले नाही. कुठे शोधावे?

हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा येतोच. मंगळवेढा तालुका ब्रिटिश काळात सोलापूर जिल्ह्यात नव्हता, तो पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. भोवती इंग्रजी मुलूख आणि मध्ये संस्थानाचे हे बेट, अशी स्थिती होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर तालुका सोलापूरला जोडला गेला. तेव्हा त्याआधीच्या कागदांसाठी तालुक्याच्या कचेरीबरोबरच सांगलीकडेही चौकशी करावी. कागद मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मोडी वाचणारी व्यक्ती सोबत न्यावी. गावाचे नाव ‘मंगळवेढे’ असेही लिहिलेले आढळते, शोधताना दोन्ही रूपे पाहावीत.